पेट्रोल चांगलं होतं

"टाकी खाली करून टाक, मिस्त्री," लांजेवार काका म्हणाले. "सगळं पेट्रोल काढ. रॉकेल आहे त्यात."

मी अजून बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. गिऱ्हाईक रोगाचं नाव आधीच ठरवून मिस्त्रीला बोलावतं, याची मला आता सवय झाली आहे. कंपनीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून मी स्कूटरवर टूलकिट टाकतो आणि फोन येईल तिथे जातो. हा फोन शहराबाहेरच्या बेसाहून आला होता. नवा लेआउट, अर्धे प्लॉट रिकामे. एका दुमजली घराच्या पोर्चमध्ये धुऊनपुसून ठेवलेली पांढरी गाडी. घरात काका एकटेच. मी पोहोचायच्या आधीच त्यांनी दोन कप चहा करून ठेवला होता, आणि त्यावर साय धरली होती.

"रॉकेल कोणी टाकलं?"

त्यांनी हनुवटीनं समोरचं घर दाखवलं. "भोयर. दिवाळी करून पोरगा पुण्याले गेला, त्या दिवशी काटा रिझर्व्हवर होता. भोयर म्हणे, तू काहून जातो पंपावर, मी आणून देतो कॅनमध्ये. आणलं, टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी बंद."

"मग त्यांना विचारलं नाही?"

"काय विचारू? बोलणंच सोडलं."

गार चहा पिता पिता बाकीचं कळलं. दर रविवारी सकाळी दोघं या गाडीनं शहरात तर्री-पोहे खायला जात. भोयरांना गाडी येत नाही. काका चालवत, भोयर शेजारी बसून डावं-उजवं सांगत. तेही घरात एकटेच. आता थंडी सरत आली होती आणि गल्लीत भाजीचा ठेला आला की एक जण घरात जाईपर्यंत दुसरा बाहेर येत नसे. काकांनी हे सांगताना एकदाही समोर पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

बॅटरी ते चार्ज करून आणत होते, म्हणून ती ठणठणीत होती. सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. म्हणजे त्याला एकतर ठिणगी मिळत नव्हती, नाहीतर पेट्रोल. मी चावी पुन्हा बंद केली, मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि काकांना चावी नुसती ऑन करायला सांगितलं. पेट्रोल टाकीतून इंजिनपर्यंत ढकलणारा पंप या सीटच्या खाली असतो. चावी ऑन केली की तो क्षणभर घूं करतो. पेट्रोलमध्ये रॉकेल असो की पाणी, पंपाला त्याचं काही घेणं-देणं नसतं. तो घूं करतोच.

इथे चिडीचूप.

पंप गेला असेल, किंवा त्याला करंट मिळत नसेल. स्वस्तातलं आधी पाहावं, हा आमचा धंद्यातला नियम. बॉनेट उघडून फ्यूजचा डबा पाहिला. फ्यूज म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यात एक बारीक तार. भार जास्त झाला की तार जळते. पण जळलेला फ्यूजही जागेवरच बसलेला असतो, उठून कुठे जात नाही. पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

"काका, बॉनेट शेवटचं कोणी उघडलं?"

"पोरानं. जायच्या आधी पाणी-ऑइल पाहून गेला. काहून?"

"त्याला जरा फोन लावून द्या."

फोन लावून देऊन काका चहा गरम करायला आत गेले. मी मुलाला फ्यूजचं विचारलं. तो म्हणाला, "मीच काढला. बाबांना नीट दिसत नाही हो. दिवाळीत दुभाजकावर घातली होती गाडी. चालवू नका म्हटलं की ऐकत नाहीत. तुम्ही एक करा, पंप गेला म्हणून सांगा. पार्ट मिळत नाही म्हणा."

पोरगा खोटं बोलायला सांगत होता ते काळजीपोटी, हे मला दिसत होतं. पण मी म्हटलं, "समोरच्या भोयरांनी पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं असं समजून तुमचे बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत. दिवाळीपासून."

"काय?"

"आता त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

तो म्हणाला, "द्या त्यांच्याजवळ."

मी फोन स्वयंपाकघरात नेऊन दिला. काकांनी ओट्याला टेकून सगळं ऐकलं. "हं," म्हणाले. परत "हं." मग "जेवलो," म्हणाले आणि फोन ठेवला. आता ओरडतील, पोराला चार शिव्या घालतील, असं मला वाटलं. ते गॅस बंद करून माझ्याकडे वळले.

"म्हणजे पेट्रोल चांगलं होतं," ते म्हणाले.

"चांगलंच होतं. दुसरा फ्यूज माझ्याजवळ आहे. लावून देऊ का?"

"राहू दे गा. एकटा कुठं जाऊ?"

चप्पल घालून ते रस्ता ओलांडून गेले. मी पोर्चमध्ये टूलकिट भरत उभा राहिलो. भोयर बाहेर आले, पण फाटक त्यांनी उघडलं नाही.

"सुरू झाली का गाडी?"

"नाही. पोरानंच बंद करून ठेवली होती." काकांनी फाटकाच्या सळ्या धरल्या होत्या. "तुझं पेट्रोल चांगलं होतं."

"ते मले माहीतच होतं."

भोयरांनी काकांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"चाय झाली का?"

"नाही," काका म्हणाले. ओट्यावर त्यांनी नुकताच गरम केलेला चहा तसाच होता. भोयरांनी कडी काढली.

मी त्यांना न सांगताच निघालो. इतवारीतल्या माझ्या खोलीत वाट पाहणारं कोणी नाही, त्यामुळे स्कूटर सावकाश चालवली. बायको गेल्यापासून 'चाय झाली का' असं मलाही कोणी विचारलेलं नाही.

तेव्हापासून कोणी पेट्रोलला नावं ठेवली की मी टाकीला हात लावत नाही. आधी बॉनेट शेवटचं कोणी उघडलं ते विचारतो. बहुतेक वेळा घरातलाच माणूस निघतो.