गाण्यातलं नाव
कपाट आवरताना धाकट्या भावाचा पेनड्राइव्ह हाती आला आणि अहमदपूरची ती हळद आठवली. डीजे म्हणून त्याची पहिलीच सुपारी होती. गाणी सगळी फुकट डाउनलोड केलेली, तीही पुरती न ऐकता. पत्र्यावर दगड पडावेत तसला गोंगाट. त्यात दर मिनिटाला लातूरच्या भलत्याच डीजेचं नाव गरजायचं. नवरीचा मामा ओरडला, “अरे, मग त्यालाच बोलावलं असतं की!” मांडव हसला. घरी येऊन भाऊ म्हणाला, “दादा, तुझा आवाज लई भारी हाय. गाण्यात टाकायला माझं नाव बोल ना.” मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, “असल्या धिंगाण्याला माझा आवाज मिळणार नाही.” मग त्याने स्वतःच्याच चिरक्या आवाजात नाव भरलं. तो वारला त्याला वर्ष झालं. ती गाणी मला आजही भिकारच वाटतात. मी फक्त त्याचं नाव येईपर्यंत ऐकतो.