रुपरावांचे स्लायडर आणि सुभद्राबाईंचे कान

नंदनवन कॉलनीतल्या रुपराव ठवकरांना निवृत्तीनंतर जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा नाद लागला. त्यातही त्यांचा जीव स्लायडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या त्या वर-खाली सरकणाऱ्या बटणांवर. फटीत धूळ शिरली की बटण हलवताच स्पीकर पापड मोडल्यासारखा कडकडतो. रुपराव बटणांच्या टोप्या काढायचे, ब्रशनं धूळ झाडायचे, बारीक नळीनं आत क्लीनरचा फवारा मारायचे आणि दांडी वर-खाली, वर-खाली करत बसायचे. सुकलं की ॲम्प्लिफायर लावून स्वयंपाकघराकडे हाक, "आता कसं वाटून राहिलं वं?"

सुभद्राबाई कणीक मळता मळता सांगायच्या, "तिसरं अजून खरखरते."

बायकोला आपल्या नादात सामील करून घेतो, हा रुपरावांना स्वतःचा मोठेपणा वाटायचा.

एका सकाळी सुभद्राबाईंनी दात घासायला घेतले आणि तोंड वाकडं झालं. "माह्या ब्रशनं काय घासलं तुमी?"

"अवं, एका मिनिटासाठी घेतला होता. तुहा ब्रश लय नरम आहे."

झालं, बोलणं बंद. नेमका त्याच दिवशी धरमपेठेतल्या यमुताईंचा ॲम्प्लिफायर पोचवायचा होता. संध्याकाळी त्यांच्याकडे भजन होतं. रुपरावांनी दोनतीनदा हाक मारली. आतून फक्त मेथी निवडल्याची शांतता. उत्तर नाही म्हणजे तक्रार नाही, असं धरून त्यांनी ॲम्प्लिफायर स्कूटरवर बांधला.

यमुताईंकडे मंडळी जमली होती. रुपरावांनी ऐटीत स्लायडर वर सरकवला. एकीच्या हातून टाळ निसटला, यमुताईंनी कानांवर हात ठेवले.

"पाहा, कसा साफ!" रुपराव म्हणाले.

"साफ? अहो, कडकडाटानं कान फाटले आमचे!"

त्यांनी पुन्हा सरकवला. पुन्हा सगळ्यांचे चेहरे आक्रसले. रुपरावांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी दांडी खाली ओढली आणि "आलोच" म्हणून निघाले.

घरी येऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "मले ती खरखर ऐकूच येत नाही वं."

"माहीत आहे मले. कुकरची शिटी तरी कुठं ऐकू येते तुमाले?"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. ऐकू नाही आलं तुमाले."

रुपराव इतके हसले की सुभद्राबाईंचा रुसवाही टिकला नाही. पदर खोचून त्या स्कूटरवर मागे बसल्या. धरमपेठेत पोचल्यावर रुपरावांनी वायर काढून फवारा मारला, सुकू दिला, पुन्हा जोडलं. सुभद्राबाई कान देऊन बसल्या. "अजून आहे... अजून थोडं..." मंडळी टाळ धरून ताटकळलेली. शेवटी त्या म्हणाल्या, "बस, आता गा." भजन उशिरा सुरू झालं, पण झकास झालं.

पुढच्या आठवड्यात सुभद्राबाईंनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलंच. यंत्र लावून घरी आल्यावर रुपराव खुर्चीत टेकले आणि वर बघून वैतागले.

"हा पंखा कधीपासून असा बोंबलून राहिला?"