तीन पासची दाढी

मुकेश हिंगणघाटच्या एका हायस्कुलात मोठा बाबू होता. वय बेचाळीस, स्वभाव भिडस्त. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दाखल्यांची सगळी कामं त्याच्याकडे. पण मुख्याध्यापकांसमोर चार शब्द बोलायची वेळ आली की हा दुसऱ्याला पुढे करून स्वतः मागे सरकायचा. अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी दाढीचं वेड लागलं.

निमित्त साधं होतं. गळ्यावर पुरळ उठायचं. कुणीतरी सांगितलं, ब्रशनं साबणाचा फेस कर आणि जुन्या पद्धतीच्या रेझरनं दाढी कर. पुरळ गेलं आणि मुकेश फोनवरच्या एका ग्रुपात शिरला. नागपूर, पुणे, इंदूर, कुठले कुठले दीडशे लोक त्यात होते आणि सगळे दिवसभर दाढीबद्दल बोलत. त्यांची बोलीच वेगळी. फेस लावून एकदा रेझर फिरवला की तो ‘पास’. रोजच्या वापरातला रेझर म्हणजे ‘डेली ड्रायव्हर’. गाल तान्ह्या लेकराच्या गालासारखा गुळगुळीत झाला की ‘बीबीएस’. खरखरून कापणारा रेझर ‘अ‍ॅग्रेसिव्ह’, मवाळ तो ‘माइल्ड’, आणि कातडीवर रक्ताचे बारीक ठिपके आले तर ते ‘वीपर्स’. शाळेत तोंड न उघडणारा मुकेश तिथं तासन् तास लिहायचा. घरीही तेच शब्द तोंडात.

“तुमी दाढी करता का विमान चालवता?” त्याची बायको अपेक्षा म्हणायची. “साधं बोलत जा ना जी. समोरच्याले समजलं पायजे.”

मुकेश हसायचा. समजत नाही म्हणूनच तर मजा होती.

त्याचे आईवडील अल्लीपूरला राहत. वडील नत्थूजी बहात्तर वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की दाढी मशीननंच करायची, पातं लावायचं नाही. नत्थूजींना मशीनचा राग. “मेंढरू भादरल्यावानी वाटते,” म्हणायचे. त्यांचे खुंट तसेच राहायचे आणि सणासुदीला ते उदास होऊन आरशासमोर बसायचे.

दिवाळीच्या आधी मुकेशनं ग्रुपात विचारलं, सत्तरीच्या माणसासाठी कोणता रेझर घ्यावा? अण्णाजी नावाचे एक जुने सभासद होते, त्यांचं मत शेवटचं मानायची पद्धत होती. त्यांनी लिहिलं, “हा घे. एकदम माइल्ड. ब्लेड असल्याचं जाणवतच नाही. डोळे मिटून तीन पास, बीबीएस गॅरंटी.” खाली पन्नास अंगठे उमटले.

गोळीचं मुकेशनं कुणालाच सांगितलं नाही. ‘माइल्ड’ हा शब्द त्याच्या मनात असा बसला की डॉक्टरांचं बोलणं मागे पडलं.

रविवारी सकाळी तो अपेक्षाला घेऊन अल्लीपूरला गेला. ओसरीत त्यानं बाबांना खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. कोमट पाण्यात ब्रश फिरवून असा फेस केला की नत्थूजी खूश झाले. पहिला पास उत्तम गेला. दुसराही. तिसऱ्याला मुकेशनं रेझर केसांच्या उलट दिशेनं घेतला. जबड्याची कातडी सैल होती, ती ताणताना त्याचं बोट निसटलं, आणि तेवढ्यात आतून आईनं, कोकिळाबाईंनी, चहाची हाक मारली. नत्थूजींनी मान वळवली.

कानाखाली एक बारीक रेघ उमटली. पांढऱ्या फेसात लाल धागा उतरला.

“काई नाई बाबा, जरासं लागलं,” म्हणत मुकेशनं ओली तुरटी फिरवली. तुरटी लाल झाली. त्यानं कापूस दाबला. कापूस भिजला. दुसरा घेतला, तोही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रक्त उसळत नव्हतं, जोरही नव्हता. फक्त थांबत नव्हतं. नळाची तोटी नीट बंद न झाल्यासारखं ते येतच राहिलं आणि टॉवेलची कड जड होत गेली.

हात धुवायचंही मुकेशला सुचलं नाही. लाल बोटांनी त्यानं फोन काढला, फोटो घेतला आणि ग्रुपात टाकला: “बाबांचं रक्त थांबत नाही. वीस मिनिटं झाली. काय करू?”

उत्तरं लगेच आली.

“वीपर्स. नॉर्मल आहे. तुरटी दहा सेकंद.”

“अँगल जास्त झाला भाऊ. टेक्निक.”

“ब्लेड कोणतं? त्या रेझरला ते सूट करत नाही.”

कुणीतरी हसरा चेहरा टाकला. मुकेश बोट वर सरकवत वाचत राहिला. यातलं एक तरी वाक्य बाबांच्या कानाखालच्या रक्ताबद्दल असेल म्हणून तो शोधत होता आणि शब्द नुसते चमकत होते. तीन वर्षं ज्या बोलीत त्याला घरच्यासारखं वाटलं होतं, तिच्यात ‘माझा बाप मरेल का’ असं विचारायची सोयच नव्हती.

“तो फोन ठेवा!” अपेक्षा ओरडली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, ती कधी अशी ओरडली नव्हती. तिनं धुतलेल्या धोतराची घडी करून जखमेवर तळहातानं दाबून धरली होती. “गाडी काढा. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात चाला.” ती सासूकडे वळली. “आत्याबाई, मामाजींच्या गोळ्यांची पिशवी द्या, होती तशी सगळी.”

नत्थूजींना उठवताना सदऱ्याची बाही वर सरकली. दंडावर जांभळे-निळे डाग होते, तळव्याएवढे.

“हे काय जी?” अपेक्षानं विचारलं.

“आठ दिवसांपासून येऊन राह्यले,” कोकिळाबाई रडत म्हणाल्या. “हे म्हनत, कुठं तरी आपटलो असन.”

मुकेशनं गाडी हाणली. मागे अपेक्षा एका हातानं जखम दाबून, दुसऱ्या हातानं सासऱ्यांचं डोकं छातीशी धरून बसली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेली वावरं होती. मुकेशला तो पांढरा रंग बघवेना. दर मिनिटाला तो आरशात पाहायचा.

“मुकेश,” नत्थूजी बारीक आवाजात म्हणाले, “मले झोप येऊन राह्यली रे.”

“झोपू नका बाबा! बोलत राहा. सोयाबीन किती झालं औंदा?”

उत्तराऐवजी खोकला आला. अपेक्षानं त्यांच्या तोंडाला पदर लावला आणि तो लगेच मुठीत दडवला.

“काय झालं?”

“काई नाई. तुमी समोर पाहा.”

पण आरशात त्यानं पाहिलं होतं. पदर लाल होता. ते रक्त कानाखालचं नव्हतं, हिरड्यांतून येत होतं. बाप आतूनच फुटून राह्यला, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. पाऊण तासाचा तो रस्ता त्यानं कसा संपवला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

तातडीच्या विभागात सुरभी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं नत्थूजींना खाटेवर घेतलं आणि विचारलं, “काय झालं?”

“तिसऱ्या पासला… रेझर माइल्ड होता मॅडम, अँगलही बरोबर होता, वीपर्स म्हणून तुरटी…”

“दादा,” ती त्याचं मनगट धरून म्हणाली, “साध्या मराठीत सांगा. काय लागलं, केव्हा लागलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

मुकेश मागे सरकला. अपेक्षानं पिशवी टेबलावर उपडी केली. “दाढी करताना कापलं. दीड तास झाला. हृदयाची झडप बदलली हाये. ही रक्त पातळ करायची गोळी. तोंडातूनही रक्त आलं.”

डॉक्टरनं पाकिटं चाळली आणि एक पुडी उचलली. तिच्यावर नाव नव्हतं, पिवळ्या गोळ्या होत्या नुसत्या.

“गुडघ्याच्या हायत,” नत्थूजी पुटपुटले. “बाजारात एक जन इकते. पंधरा दिस झाले. लय आराम पडला.”

डॉक्टरची पावलं भराभर पडू लागली, आणि त्या घाईनं मुकेश आणखी घाबरला. रक्त तपासायला गेलं. पडदा ओढला गेला. बाहेरच्या बाकावर तो स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. नखांत वाळलेलं रक्त होतं आणि त्याला अजून दाढीच्या साबणाचा चंदनी वास येत होता.

दोन तासांनी सुरभी बाहेर आली. “रक्त किती पातळ आहे ते आकड्यात मोजतात. तुमच्या बाबांचा आकडा तीनच्या आसपास हवा. तो नऊच्या वर गेलाय. दुखण्याच्या त्या गोळ्यांनी मुळातली गोळी कितीतरी पट जोरात चालली. उतारा दिलाय, दोन टाके घातलेत. आजची रात्र लक्ष ठेवू.”

“माह्यामुळं झालं मॅडम. पातं मी लावलं.”

“पातं लावायचंच नव्हतं, ते खरं,” ती म्हणाली. तिनं त्याची चूक झाकली नाही. “पण रक्त आधीच बिघडलं होतं. ते न्हाणीत घसरून डोक्यावर पडले असते तर रक्त आत साचलं असतं. तुम्हाला दिसलंही नसतं.”

मुकेशला यानं धीर आला नाही. उलट न दिसणारं रक्त त्याला त्या दिवसापासून दिसायला लागलं.

पाच दिवसांनी नत्थूजी घरी आले. त्या आठवड्यात मुकेशनं ग्रुपात एकच गोष्ट लिहिली: “माझे वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांचा जीव जाता जाता वाचला. कुणाच्या घरी अशी गोळी चालू असेल तर पातं लावू नका.” त्यावर एकही अंगठा उमटला नाही. थोड्या वेळानं अण्णाजींचा फोन आला. इतक्या वर्षांत मुकेशनं त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. थकलेला, म्हाताऱ्या माणसाचा.

“बेटा, मीही तीच गोळी घेतो,” ते म्हणाले. “सहा वर्षं झाली. दाढीही करतो. आज सकाळी रेझर हातात घेतला अन् तसाच खाली ठेवला.”



आता दर महिन्याला मुकेश बाबांना तपासणीला नेतो. कागद हातात आला की तो आधी आकडा शोधतो. अल्लीपूरला गेला की चहाच्या आधी तो बाबांच्या बाह्या वर सारून दंड बघतो, हिरड्या बघतो. नत्थूजी चिडतात, “बैल इकत घेऊन राह्यला का बे?” आणि दुपारी ते खाटेवर झोपले की मुकेश दारात उभा राहतो. छाती वर होते, खाली जाते. तो मोजतो, मग पुन्हा मोजतो.