पटावरची चंद्री

आमचे गुरुजी कॉम्प्युटरशी बैलाशी बोलावं तसं बोलायचे. "ए शहाण्या, तिकडं कुठं चाललास? फिर मागं!" असा आवाज आला की पोरं ओळखायची, गुरुजींनी ऑनलाईन माहिती भरायला घेतली. संगमनेरपासून आत, डोंगराच्या कडेला आमची जिल्हा परिषदेची शाळा. खोल्या दोन, शिक्षक दोन, ते आणि मी, आणि खिडकीजवळच्या टेबलावर धापा टाकणारा एक लॅपटॉप.

झेडपीच्या शाळेत नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको. पोरांची उंची भरा, वजन भरा, आईचं नाव भरा, आणि तेच सगळं दुसऱ्या पोर्टलवर पुन्हा भरा. गुरुजींना याचा मनस्वी कंटाळा. माणूस मूळचाच आळशी, वर त्याचा अभिमान! "बाई, मी कष्टाळू असतो तर मरस्तोवर टायपत बसलो असतो. आळशी हाय म्हनून डोकं लावलं," असं छाती फुगवून सांगायचे. व्हिडिओ बघून बघून ते एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला शिकले. शीटमध्ये पोरांची नावं एकाखाली एक. बटण दाबलं की मॅक्रो आपणच ब्राउझर उघडणार, पोर्टलवर जाणार, ओळीतलं नाव उचलून रकान्यात टाकणार, 'जतन करा' दाबणार आणि पुढच्या ओळीवर सरकणार. याला गुरुजी 'बैल जुंपणं' म्हणायचे. बैल जुंपून ते वर्गात पाढे घ्यायला यायचे आणि तिकडे लॅपटॉप एकटाच टाइप करत बसायचा. पोरं खिडकीतून बघून म्हणायची, "गुरुजींचं भूत लिहितंय."

पोर्टल भलतंच संथ. मॅक्रो घाई करायचा आणि पान उघडायच्या आधीच नाव टाकून मोकळा व्हायचा. मग गुरुजींनी मॅक्रोत दर दोन ओळींमागे 'थांब' अशी आज्ञा घातली. "पोर्टल म्हंजे सासरवाडी, बाई. थोडं ताटकळत बसल्याशिवाय काय मिळत न्हाई." पुढे तो जुना ब्राउझरच कंपनीने बंद केला, तेव्हा नव्या ब्राउझरला मॅक्रोशी जोडणारी एक वेगळी फाईल त्यांनी शोधून आणली. तिचं नाव कासरा. ब्राउझर अपडेट झाला की कासरा तुटायचा आणि गुरुजींच्या शिव्यांना नवा बहर यायचा.

कासऱ्याने नव्याने जोडलेला मॅक्रो तपासायला त्यांनी शीटच्या पहिल्या ओळीत एक खोटं नाव टाकलं. माणसाने काहीही टाकावं, यांनी आपल्या म्हशीचं टाकलं! घरी चंद्री, सरकारी कामाला शोभावं म्हणून चंद्रकला. इयत्ता दुसरी, वडिलांच्या जागी स्वतःचं नाव, फोन घरचा. मॅक्रो झकास चालला. आनंदाच्या भरात ती ओळ पुसायची राहिली, गुरुजींनी बैल जुंपला आणि ते पाढे घ्यायला आले.

काही दिवसांनी त्यांच्या घरी पंचायत समितीतून फोन. "तुमच्या मुलीचं आधार जोडलेलं नाही. चंद्रकला, इयत्ता दुसरी." फोन घेतला गुरुजींच्या बायकोने, आमच्या काकूंनी. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन सासरी. ही तिसरी कोण आणि कुठली, यावर त्या घरात जे रामायण झालं ते गुरुजींनी कधी पूर्ण सांगितलं नाही. शेवटी नवऱ्याने गोठ्यात नेऊन मुलगी दाखवली तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला.

गुरुजींना मात्र वेगळाच राग. "लॉगिन करताना माझ्याकडनं वाकडीतिकडी अक्षरं वाचून घेतंय, तू मानूस हाईस का म्हनून इचारतंय, आन म्हैस तेवढी गुमान आत घेतली!" नाव काढायला गेलो तर काढायची सोयच नाही. दाखला देऊन दुसऱ्या शाळेत पाठवता येतं, पण तिथल्या मुख्याध्यापकांनी घ्यायला हवं. म्हैस कोण घेणार? वर्ष संपलं आणि चंद्री तिसरीत गेली. "येक दिवस न येता पास झाली. गुनाची पोर," गुरुजी म्हणाले. हजेरी संपली की पोरं कोरसमध्ये ओरडायची, "चंद्री गैरहजर!"

त्याच वर्षी आमचा पट घसरला. एक कुटुंब कामासाठी गाव सोडून गेलं, दोन पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. चंद्री धरून पट जेमतेम पुरत होता. ती वजा केली तर एक शिक्षक जादा ठरणार, आणि नियमाने कनिष्ठ शिक्षकाची बदली होते. कनिष्ठ मी. नवरा संगमनेरला दूध डेअरीत, लेक अंगणवाडीत. मला रात्रंदिवस जिल्ह्याचा नकाशा दिसायला लागला.

केंद्रप्रमुख साहेब पट तपासायला आले. यादी बघून म्हणाले, "ठीक आहे, करा सही."

गुरुजी म्हणाले, "साहेब, यातली येक पोरगी म्हैस हाय."

साहेबांचा चेहरा पडला. "गुरुजी, लेकरांबद्दल असं बोलू नये."

मग त्यांनाही गोठ्यात नेलं. चंद्री रवंथ करत होती. साहेब हळूच म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. गप सही करा, बाईंचं पद जाईल." मीही हात जोडले, "गुरुजी, एक वर्ष जाऊ द्या ना."

"पोरांना समदं म्हाईत हाय, बाई," ते म्हणाले. "आज हसत्यात. उद्या त्यांना वाटंल, शाळा अशीच चालती. मग मी कोनत्या तोंडानं शिकवू?"

आणि त्यांनी अर्ज केला, 'सदर विद्यार्थिनी म्हैस असल्याने तिचे नाव पटावरून कमी करावे.' अर्ज परत आला, 'पुरावा जोडावा.' गुरुजींनी चंद्रीचा फोटो आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर जोडला. मी इतकी चिडले होते की त्यांच्याशी बोलणंच टाकलं. एवढा सत्याचा पुळका, आणि भोगायचं मी!

बदलीचा आदेश आला. फोडून वाचायचं धाडस माझ्यात नव्हतं, साहेबांनीच वाचला. नाव गुरुजींचं होतं. अर्जासोबतच त्यांनी लिहून दिलं होतं, जादा ठरेल त्याच्या जागी मला पाठवा. गाव मिळालं पार जामखेडकडचं. मला रडू फुटलं तर माझ्यावरच ओरडले, "गप बसा! माझ्या चुकीची म्हैस, ती माझ्याच दावनीला."

निरोपाला टेम्पोत चंद्रीही होती. पोरांनी हार आणला आणि तिच्याच गळ्यात घातला. "मी बी जातोय म्हनलं," गुरुजी कुरकुरले. जाताना शिट्टी वाजवल्यासारखं तोंड करून दुसरीकडेच बघत राहिले. डोळे भरले की ते असंच करायचे.

पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा एकटीने बैल जुंपला. बटण दाबलं तर ब्राउझर उघडेना. पडद्यावर चौकट आली, "बाई, म्हैस काढली का?" खाली दोन बटणं, 'व्हय' आणि 'न्हाई'. जाण्याआधी कधीतरी त्यांनी ती मॅक्रोत घालून ठेवली होती. मी मुद्दाम 'न्हाई' दाबलं. दुसरी चौकट आली, "मग बसा बोंबलत!"

आता मॅक्रो माझ्या हाताखाली चांगला रुळला आहे. ती चौकट काढून कशी टाकायची, हेही मला येतं. पण दरवर्षी मी आधी 'न्हाई' दाबते, गुरुजींचं ओरडणं खाते आणि मगच कामाला लागते.