काळ्या डब्याचे चाचा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतकं विजेवर अविश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचं नाही. चाळीस वर्षं त्यांनी लग्नांचे फोटो काढले. दुकान बंद केल्यावर ते सगळे फोटो चार हार्डडिस्क पोटात घेतलेल्या, वायफायला जोडलेल्या एका काळ्या डब्यात भरून ठेवले. एकदा फोटो भरतानाच लाइट गेली, डिस्क बिघडली आणि एका हंगामातली सगळी लग्नं पुसली गेली. चाचा आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग त्यांनी भलामोठा यूपीएस आणला. महिन्यातून एकदा ते स्वतःच मेनस्विच पाडून, घड्याळ हातात धरून बॅटरी किती टिकते ते बघायचे. चाचींचा भात विजेच्या कुकरात अर्धाकच्चा राहायचा. माझ्या वहिनींनी एकदा त्या यूपीएसवर इस्त्री लावली, तर चाचा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. एरवी दुपारभर डब्याशेजारी डोळे मिटून बसत. आतली बारीक घरघर ऐकत म्हणत, "ऐक, कुणाची तरी वरात चाललीय."

गेल्या उन्हाळ्यात पाचोडहून एक बाई आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि लग्नाचा अल्बम ओल लागून चिकटून बसला होता. चाचांनी गावाच्या नावावरून फोटो शोधून काढले. पेनड्राइव्हवर उतरवायला सुरुवात केली आणि लाइट गेली. पंखा थांबला, यूपीएस टीं टीं करू लागला. बाई घाबरून उठल्या, "गेलं का हो सगळं?"

"बसा ताई. हा वरडतोय म्हणजे जागा हाय," चाचा म्हणाले, आणि तापलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी डब्यावर हात ठेवला. बाई, चाचा आणि मी लॅपटॉपच्या पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघत होतो. ती पूर्ण भरली. थोड्या वेळानं, बॅटरी संपायच्या आत, डबा आपला आपण, चाचांनी शिकवल्याप्रमाणे, शांतपणे बंद झाला. लॅपटॉपवर मात्र पेनड्राइव्हमधला, मुंडावळ्या बांधलेला एक तरुण तोंड भरून हसत होता. "असे हसायचे," बाई म्हणाल्या. "मी विसरलेच होते."

त्यांना रिक्षात बसवून चाचा वर आले. अंधारल्या खोलीत डब्याशेजारी बसले. मग म्हणाले, "आमच्या निकाहचा एक पण फोटो नाय, मालूम?"

"का बरं?"

"तवा आमच्या पैठणात मांडवातले फोटो काढणारा एकच होता. अन् तो घोड्यावर बसला होता."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मला हाय की सगळं याद," आतून चाची म्हणाल्या. "शेरवानी ढगळ होती तुमची."

चाचा दारात जाऊन उभे राहिले, आतल्या काळोखाकडे बघत. "अजून काय काय याद हाय?" त्यांनी हळूच विचारलं. चाची सांगू लागल्या. मधेच कधीतरी लाइट आली, पंखा फिरू लागला. पण दिव्याचं बटण दाबायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.