पिशवीत बांधलेला स्वयंपाक

माझ्या थोरल्या जावेनं, वैजयंताबाईंनी, सबंध आयुष्यात एकदाच खोटा स्वयंपाक केला. खोटा म्हणजे बेचव नव्हे. खाणाऱ्या बोटं चाटत होत्या. पण रांधला आपण आणि नाव दुसऱ्याचं, असा तो स्वयंपाक होता. पंचाण्णव सालची गोष्ट. आजही आठवली की माझं डोकं तापतं, आणि ते थंड व्हावं असं मला मुळीच वाटत नाही.

वैजयंताबाई परभणीकडच्या. माझे थोरले दीर नागोराव टेलिफोन खात्यात लागले आणि सत्याऐंशीच्या सुमाराला दोघं भाईंदर पूर्वेला, गोडदेवला राहायला आले. मागाहून आम्हीही त्याच बिल्डिंगीत, त्यांच्या भिंतीला भिंत लागून खोली घेतली. बाई बोलायला साध्या, चालायला त्याहून साध्या. मात्र वाढायला बसल्या की कुणाचं ऐकायच्या नाहीत. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूनं वाढायच्या. जेवणारा ‘पुरे’ म्हणाला म्हणजे लाजतोय, असं त्यांचं ठाम मत. बाबासाहेबांच्या जयंतीला मंडळाचा सगळा स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा आणि शेवटच्या पंगतीलासुद्धा रस्सा पातळ व्हायचा नाही.

अशा बाईच्या हातचं आमच्या बिल्डिंगीत कुणी खात नसे. तोंडावर कुणी तसं म्हणायचं नाही. सगळे शिकलेले, हसून बोलणारे. बुद्ध पौर्णिमेला बाई घरोघर खीर पाठवायच्या. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून ती साखर घालून परत यायची, गोड बोलणंही सोबत यायचं. एका वर्षी बिल्डिंगीच्या मागच्या गटारात मी ती खीर पाहिली, वरच्या चारोळीसकट. धावत येऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हानं नासली असेल. सकाळची खीर दुपारच्या आत नासत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला इतका संताप आला होता की तो कुणावर काढावा हेच कळेना.

त्यांची एकुलती एक मुलगी संघप्रिया. पोर हुशार, वर्गात पहिल्या पाचात. तळमजल्यावरच्या वासंतीबाईंची कृतिका तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका बाकावर बसायच्या, एकमेकींच्या वह्या, रिबिनी वापरायच्या. पण दर वाढदिवसाला मी एक गंमत बघत होते. कृतिका आणि बाकीच्या मैत्रिणी यायच्या, बेकरीतला केक खायच्या, पुड्यातले वेफर्स खायच्या, बाटलीतलं थंड प्यायच्या. बाईंनी मसालेभात आणला की सगळ्यांची पोटं एकदम भरलेली. मी बघत होते तसं संघप्रियाही बघत होती. मुलं सगळं बघतात, आपल्यालाच वाटतं त्यांना कळत नाही.

दहावीला संघप्रियाला फर्स्ट क्लास मिळाला. नागोरावांनी पेढे वाटले (ते मिठाईवाल्याचे, म्हणून सगळ्यांनी खाल्ले) आणि मुलीला विचारलं, तुला काय पाहिजे. ती म्हणाली, मैत्रिणींना जेवायला बोलवायचंय, चायनीजचा बेत करायचाय. तेव्हा गोडदेव नाक्यावर सदूची चायनीजची गाडी नवीन लागली होती. लाल रंगाची, बाजूला ड्रॅगन काढलेला. संध्याकाळी तिथं तरुण पोरांची ही गर्दी. पण गाडीच्या मागं उघडं गटार होतं, म्हणून नागोरावांनी तिथून आणायला साफ नकार दिला. बाई म्हणाल्या, माझ्या लेकीच्या पास होण्याचं जेवण गाडीवरून कामून आणायचं, मी घरी करते. संघप्रिया कबूल झाली. अट एकच घातली, दिसायला मात्र सगळं गाडीवरून पार्सल आणल्यासारखं दिसलं पाहिजे. आम्हाला वाटलं, पोरींची फॅशन असेल.

मग सुरू झाला तो चिकनच्या जोडीला काय ठेवायचं याचा वाद. चिली चिकन बाईंना एका बैठकीत जमलं. त्या सरळ सदूच्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तो काय करतो ते बघून आल्या. सदू गोडदेव गावातलाच, स्वभावानं मोकळा. त्यानं सगळं सांगितलं आणि वर बजावलं, “काकी, सोया सॉसान मीठ हाय. वरशी मीठ टाकू नको.” ते बाईंनी ऐकलं. पण जोडीच्या पदार्थांवर मायलेकींचं रोज वाजायला लागलं.

बाईंच्या मते कोंबडीबरोबर ज्वारीची भाकरी, कांदा-लिंबू आणि शेंगदाण्याची चटणी. संघप्रियानं तिन्ही गोष्टी एका दमात उडवल्या. तिला फ्राइड राइस पाहिजे होता, नूडल्स पाहिजे होत्या, व्हिनेगरमधल्या मिरच्या, लांब चिरलेला कच्चा कोबी आणि लाल चटणी. आधी सूपही म्हणत होती. त्यावर बाई भडकल्या. आलेल्या माणसाला जेवणाआधीच पाणी पाजून त्याचं पोट भरायचं, ही कुठली रीत? सूप गेलं. कच्च्या कोबीवरून मीही बाईंची बाजू घेतली. बेसन लावून परतला तर त्या कोबीचं काही सोनं होईल, नुसता चिरून शेळीपुढं टाकल्यासारखा काय ठेवायचा? पण कोबी राहिला.

खरा ताप पुढंच होता. बाईंनी कोबी विळीवर असा बारीक चिरला की सुईत ओवावा. संघप्रिया म्हणाली, इतका बारीक नको, गाडीवर जाडाभरडा असतो. बाईंनी भात मोकळा, शीत न् शीत वेगळं असा केला, तर ती म्हणाली, थोडा तळाला लागू दे, गाडीच्या राइसला करपल्याचा वास असतो. चिकनमध्ये लाल रंग घाल म्हणाली. बाईंनी दोनदा विचारलं, अगं चांगलं आहे ते बिघडवायचं कशाला? पोर खाली मान घालून म्हणायची, “आई, तू कर ना मी सांगते तसं.” आयुष्यभर ज्या हातानं पंगती उठवल्या तो हात लेकीसाठी मुद्दाम वाईट करायचा, ही काय शिक्षा झाली! लाल चटणीत तेवढं बाईंना राहवलं नाही. नुसत्या मिरचीनं पोरींची पोटं जळतील म्हणून लेकीच्या नकळत त्यांनी मूठभर दाण्याचं कूट घातलं. आमच्याकडं कूट घातल्याशिवाय चटणी चटणी वाटतच नाही.

शनिवारी संध्याकाळी जेवण होतं. दुपारी संघप्रिया सदूकडून रिकाम्या पिशव्या घेऊन आली. राइसच्या वेगळ्या, चटणीच्या चिमुकल्या, आणि वरून घालायला लाल ड्रॅगन छापलेली मोठी कागदी पिशवी. सगळं त्यात भरून दोऱ्यानं गाठी मारायच्या होत्या. मी मदतीला गेले होते. बाईंनी पिशवी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “पिशवीत कामून बांधायचं गं? आपल्या घरी भांडी नाहीत का?”

संघप्रियाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “बाहेरून आणलेलं असलं की त्या खातात, आई. तू केलेलं खात नाहीत.”

बाई खालीच बसल्या. गॅसवर नूडल्सचं पाणी उकळून वर येत होतं, ते मी बंद केलं. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, निकालाच्या दिवशी घातलेला हार अजून त्याला होता. तो फोटो काढायचं संघप्रियाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आम्ही कोण आहोत ते पोरीला लपवायचं नव्हतंच, ते सगळ्यांना ठाऊक होतं. लपवायचे होते फक्त आईचे हात. मला वाटलं, आता बाई ते पातेलं उचलून मोरीत ओततील. मी त्यांच्या जागी असते तर ओतलं असतं आणि खाली जाऊन त्या वासंतीबाईंच्या दारात भांडले असते. कोंबडी एकाच दुकानातली, तेल एकाच गिरणीचं, तुमच्या घरीही आठवड्यातून दोनदा कालवण असतं. बाटतं ते नेमकं कुठल्या ठिकाणी, हे मला एकदा कुणीतरी बोट ठेवून दाखवावं.

बाईंनी तसं काही केलं नाही. लेक रडतेय म्हटल्यावर त्यांना दुसरं काही दिसेना. डोळे पुसून म्हणाल्या, “आण तो दोरा.” आणि एकेक पिशवी भरून त्यांनी गाठी मारल्या.

पोरी आल्या तेव्हा बाई स्वतःच्या घरात नव्हत्या. आई काकूंकडे गेलीय, असं सांगायचं ठरलं होतं. त्या माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पलीकडून पोरींचं हसणं ऐकू येत होतं. पाणी द्यायच्या निमित्तानं मी मधूनमधून डोकावत होते. परत आले की बाई विचारायच्या, चटणी तिखट लागतेय का, राइस पुरला का, कृतिकाला चिकन कुणी वाढलं का. आग्रह करणारं तिथं कुणी नव्हतं आणि आग्रह करणारी बाई इथं हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या पोरींनी मात्र राइसचं शीतही ठेवलं नाही. कृतिकाला ती लाल चटणी इतकी आवडली की उरलेलं चिकन आणि चटणी तिनं आईसाठी मागून घेतली. संघप्रियानं आनंदानं बांधून दिली. त्या रात्री ती पोर इतकी खूश होती की बाई मला म्हणाल्या, जाऊ दे, लेकराचं मन राहिलं.

पण गोष्ट तिथं राहिली नाही. वासंतीबाईंनी ते खाल्लं, त्यांनाही आवडलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सदूच्या गाडीवर तीच चटणी मागायला गेल्या. सदूला आमच्या घरातलं हे राजकारण काय माहीत? त्यानं सरळ सांगितलं, ती चटणी त्याची न्हाय, ती वैजयंता काकींच्या घरची, त्याच्याकडच्या फक्त पिशव्या.

सोमवारी सकाळी वासंतीबाई वर आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, तेवढ्या सुशिक्षित होत्या त्या. म्हणाल्या, आमच्यात काही भेदभाव नसतो, पण घरात देवाचं असतं, सासूबाई असतात. तुम्ही न सांगता खायला घातलंत. ही फसवणूक झाली.

माझ्या जिभेवर इतकं आलं होतं की काय सांगू! जिनं वर्षानुवर्षं वाटी परत करून खीर गटारात ओतली ती आम्हाला फसवणूक शिकवत होती. पण मला बोलता येईना, कारण लपवलं होतं हे खरंच होतं. आम्ही गाठी मारल्या आणि त्या गाठींनीच त्यांना आमच्या दारात उभं राहून रागवायचा हक्क दिला. उघड्या पातेल्यातलं कुणी खाल्लं नसतं तर लाज त्यांची होती. पिशवीतलं खाल्ल्यावर ती आमच्यावर आली.

वैजयंताबाई शांतपणे पुढं आल्या. “लपवलं ते चुकलं,” त्या म्हणाल्या. “येत्या रविवारी परत करते. दार उघडं ठेवून करते. ज्याला माझ्या हातचं खायचं आहे त्यानं यावं.”

वासंतीबाई जिना उतरून गेल्या.

रविवारी बाईंनी सगळं आपल्या मनासारखं केलं. कोबी सुईत ओवण्याइतका बारीक, राइस मोकळा, रंगाचा थेंब नाही, चटणीत कूट सगळ्यांच्या देखत, आणि नूडल्सशेजारी ज्वारीच्या भाकरीची चळत. दार सताड उघडं होतं, वास खालपर्यंत जात होता. संघप्रियानं चारही मैत्रिणींना पुन्हा निरोप दिला होता. पानं मांडली, नागोराव बसले, आम्ही बसलो. संघप्रिया दाराकडं बघत उभीच होती.

शेवटी एकटी कृतिका आली. उंबऱ्यात चपला काढल्या, आत आली, संघप्रियाचा हात धरला. पोर वाईट नव्हती, हे मी रागातही सांगेन. तिचा चेहरा रडवेला झाला होता. म्हणाली, “आईनं सांगितलंय, जा, पण खाऊ नको. मी नुसती बसते तुझ्याजवळ.”

बाईंचा वाढणारा हात थांबला. नागोरावांनी मान खाली घातली. मी संघप्रियाकडं बघत होते. जिनं मैत्रिणीसाठी आईला घराबाहेर बसवलं होतं, ती आता हो म्हणेल, सतरंजी घालून तिला शेजारी बसवेल, असं मला वाटलं आणि आतल्या आत मी जळत राहिले.

संघप्रियानं आपला हात हळूच सोडवून घेतला.

“मग आज तू जा, कृतिका,” ती म्हणाली. “इथं आज जेवण आहे.”

कृतिका चपला घालून खाली गेली. दार उघडंच राहिलं. संघप्रिया येऊन आपल्या पानावर बसली, डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही, आणि ताट पुढं सरकवून म्हणाली, “आई, वाढ मला.”