दरबाराच्या उंबऱ्याबाहेरचे बूट

बूटकाका चालत नसत, ते जमिनीला शिक्षा करीत. जव्हारच्या बाजारातून ते निघाले की आधी टाचेची नाल वाजे, मग छडी, आणि मग दात आवळून गिळलेला एक "हूं!" हा हुंकार रुबाबाचा आहे, अशी नव्या माणसाची समजूत होई. आम्हां जुन्यांना ठाऊक होते, तो पायाच्या करंगळीचा होता.

संस्थानच्या हद्द-कचेरीत ते कारकून आणि मी उमेदवार. पावसाळा सरला की सरहद्दीवरच्या डोंगरांतली दगडी निशाणे जागेवर आहेत की घसरली, हे पाहणे आमचे काम. म्हणजे कडे चढणे आलेच. पाड्यांवरची माणसे ते कडे अनवाणी चढत. आमच्याच कचेरीतले दत्तोपंत निम्मा कडा चढत आणि उरलेला निम्मा खालून पाहून, "आहे, आहे, निशाण आहे!" असे जाहीर करून पानाचा डबा उघडत. बूटकाका मात्र बूट घालून पार माथ्यापर्यंत जात. उतरून घरी आल्यावर काकूंनी कढत पाण्याचे घंगाळे पुढे केले, तरी बूट काढण्यापूर्वी अर्धा तास बुटांचीच स्तुती करीत.

त्यांचे शास्त्र एका वाक्याचे होते. "घालताना डोळ्यांत पाणी आले नाही, तर तो बूट नव्हे, पिशवी!" खडकावर पाय आतल्या आत सरकला की माणूस दरीत गेला, हे त्याचे कारण. कारण खरेच होते हो! पण खऱ्या गोष्टीचाही इतका गळा आवळू नये. दत्तोपंतांच्या रुंद, उसवलेल्या वहाणा कचेरीच्या दारात दिसल्या की काका छडीने त्या दूर सारीत. "पंत, या वहाणा म्हणायच्या की होड्या? एखाद्या पावसात थेट डहाणूला लागाल!"

"लागलो तर समुद्र बघीन," दत्तोपंत म्हणत. "तुम्हांला तुमची बोटे तरी शेवटची कधी दिसली?"

त्या वर्षी हद्द-निरीक्षकाची जागा रिकामी झाली. कचेरीचा रिवाज असा, की दसऱ्याला सकाळी पूर्वेच्या कड्यावर संस्थानचे कापडी निशाण लावायचे आणि लावणाऱ्याने संध्याकाळी दरबारात मुजरा करून शेला घ्यायचा. यंदा निशाण काकांच्या वाट्याला आले होते, आणि शेल्याबरोबर ही जागाही मिळणार होती. काकांनी आयुष्यात दुसरे काही मागितले नव्हते. जन्मभर ज्या हद्दीची राखण केली, तिच्यावर एकदा आपला हुकूम चालावा, एवढेच. आणि या प्रसंगासाठी नवे बूट हवेतच!

आम्ही बैलांची दमणी जुंपून नाशिकला गेलो. दुकानदाराने पायाचे माप घेतले, मान हलवली आणि सांगितले, "रावसाहेब, संध्याकाळी या. दिवसभर चाललेला पाय फुगतो. तेव्हा जो बसेल तो बूट घ्या."

"माझा पाय नोकर आहे, मालक नाही!" काका कडाडले. "सकाळी जेवढा, तेवढाच संध्याकाळी!"

त्यांनी एक अरुंद, चकचकीत जोडी उचलली. दुकानदार म्हणाला, यात बोटे एकावर एक चढतील. काका म्हणाले, "चढू देत, चढण्याचेच काम आहे." मग टाच आपटून, भिंतीला धरून, माझ्या खांद्यात नखे रोवून पाय एकदाचा आत घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "वा!" काका म्हणाले. "याला म्हणतात माप!"

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. वाटेत ओढा लागला. बूट काढले तर पुन्हा चढणार नाहीत, म्हणून काका तसेच पाण्यातून गेले. पलीकडे नागलीच्या शेतात एक बाई उभी होती. बुटांचे कुईकुई ऐकून तिने विचारले, "कारकूनदादा, तुझा पाय रडं का बूट?"

काकांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पण एक कबूल केले पाहिजे. तो कडा ते चढले. बोटे खाचेत रुतवून, ओठ चावून, एकदाही पाय न घसरता चढले, आणि निशाण असे ताठ रोवले की पाहणाऱ्याने खालूनच मुजरा करावा. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. तो पुढे संध्याकाळपर्यंत टिकला.

कारण दिवसभराच्या उन्हाने बूट वाळले, आवळले, आणि नोकर म्हणवलेला पाय आत फुगून मालक झाला. गादीसमोर पायतणासह जायचे नाही, हे संस्थानातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दरबाराच्या दाराबाहेर जोड्यांची रांग लागली होती. काका पायरीवर बसले आणि बूट ओढू लागले. मग मी ओढला. मग चोपदाराने एक आणि मी एक असे दोन्ही ओढले, तेव्हा बुटांऐवजी काकाच पायऱ्यांवरून खाली आले. दिव्यातले तेल ओतून पाहिले. बूट फक्त जास्त चमकू लागले.

आतून पुकारा झाला, "निशाण लावणारे कारकून!"

"हजर!" काका बाहेरून ओरडले.

"हजर असाल तर आत या!"

चोपदाराने कमरेची सुरी काढली. "रावसाहेब, शिवण उसवतो. पटकन मोकळे व्हा."

"नव्या बुटाला सुरी?" काकांनी दोन्ही पाय पोटाशी घेतले. "त्यापेक्षा माझा पाय काप!"

मी सुचवले, "काका, उंबऱ्यावर आडवे व्हा. डोके दरबारात, बूट बाहेर." देवाशपथ सांगतो, त्यांनी उंबऱ्याची रुंदी नजरेने मोजली!

दुसरा पुकारा झाला. तेवढ्यात दत्तोपंत डुलत आले. चालता चालताच पायांना एकेक झटका दिला. दोन्ही होड्या आपोआप किनाऱ्याला लागल्या आणि पंत आत गेले. कचेरीतर्फे मुजरा त्यांनीच केला. शेला त्यांना मिळाला, आणि निम्म्या कड्यापलीकडची हद्द कधी न पाहिलेला माणूस हद्द-निरीक्षक झाला.

काका पायरीवरून उठले. "सैल माणसांचे राज्य आले," एवढेच म्हणाले आणि टाच, छडी, हुंकार करीत घरी गेले. रात्री काकूंनी ते बूट शिवणीवर कापले, तेव्हा म्हणे काका भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुढे नोकरी संपल्यावर ते परगावी मुलाकडे कायमचे निघाले. दमणीजवळ मी नमस्काराला वाकलो आणि थबकलो. इतकी वर्षे मी चामड्यालाच हात लावून आशीर्वाद घेतला होता. आज काकूंनी त्यांना रुंद वहाणा घातल्या होत्या. दोन्ही करंगळ्या शेजारच्या बोटांखाली कायमच्या दडून बसल्या होत्या, दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसासारख्या.

"बघून घे," काका गुरगुरले. "आणि त्या पंताला सांगू नकोस."

"काय?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले, काकू गाडीत चढल्याची खात्री केली आणि वहाणेतली बोटे हळूच हलवली.

"बरे वाटते रे," ते म्हणाले.